शनिवारी ऑडिशन!

चार तास मेलोफोन (तोंडाने फुंकायचं पितळी वाद्य) वाजवून ओठ सुन्न झालेत तरी झोप येत नाहीये म्हणून लिहितोय. शनिवारी ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानावर चालत-फिरत वाजवणाऱ्या बँडपथकाच्या, ब्रास सेक्शनची (पितळी वाद्यांच्या गटाची) ऑडिशन आहे, मी २१चा, म्हणजे वयाच्या नियमाने ही शेवटचीच संधी. नुसतं वाजवून भागत नाही हो, चालत वाजवायचं, पाच यार्डांत बरोब्बर आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, आधी टाच टेकवून मग पंजा हळू खाली, नाहीतर दर पावलाला सूर हलतो. आज ह्यूस्टनच्या उन्हात पार्किंगमध्ये खडूने खुणा केल्या, मेट्रोनोम लावला आणि सुरू. आई बाल्कनीतून ऐकत होती, खाली येऊन म्हणाली, "मागे चालताना सूर उतरतोय रे." तिने हॉर्न (आमचं ब्रासचं वाद्य) कधी हातात धरला नाही पण लहानपण पेटीसमोर गेलंय, कान पक्का आहे. सूर मोजणारा ट्यूनर लावला तर खरंच फ्लॅट, सूर खाली! मागे जाताना चवड्यांवर तोल सांभाळायच्या नादात श्वास तोकडा पडत होता. मग तासभर फक्त लाँग टोन, म्हणजे एकच सूर लांब धरून ठेवायचा, आठ मात्रा श्वास आत, आठ बाहेर. शेवटी एकदा तो सूर असा लागला ना की आम्ही दोघंही गप्पच झालो. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या फायनल्सला त्या हॉर्नलाइनमध्ये, ब्रास वाजवणाऱ्यांच्या रांगेत, उभं राहायचंय मला, खूप मनापासून हवंय. उद्या सहाला परत लाँग टोन.