१४ मॉड्यूल, नवा लॅपटॉप आणि अडीच दिवस

सोमवारी सकाळी नव्या लॅपटॉपवर टीमच्या प्रोजेक्टचा सेटअप सुरू केला आणि बुधवारी दुपारी डीबगर (चालू प्रोग्राम मध्येच थांबवून बघायचं साधन) पहिल्यांदा मला हव्या त्या ओळीवर थांबला. मधल्या अडीच दिवसांत काय काय झालं ते सविस्तर लिहितेय, कारण पुढच्या महिन्यात टीममध्ये आणखी दोघं येणार आहेत आणि त्यांचं हे काम अर्ध्या दिवसात आटपायला हवं.

प्रोजेक्ट जावाचा, मेव्हनवर (कोड कंपाइल करून जोडणारं साधन) बांधलेला, एका पॅरेंट पॉमखाली १४ मॉड्यूल, म्हणजे प्रोजेक्टचे वेगवेगळे भाग. पॉम म्हणजे मेव्हनची सेटिंग फाइल, पॅरेंट पॉम म्हणजे सगळ्या मॉड्यूलांची सामाईक. जावा १७. रीडमीमध्ये सेटअपबद्दल चार ओळी आहेत: क्लोन करा (कोडची प्रत उतरवा), बिल्ड करा, आयडीईत (कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये) उघडा, चालवा. मी इंटेलिजे हा आयडीई वापरते, त्यामुळे मेनूंची नावं तिथली आहेत. एक्लिप्स हा दुसरा आयडीई वापरणाऱ्यांना जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगेन.

क्लोन झाल्याझाल्या मी थेट आयडीई उघडला. ही पहिली चूक, आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातूनच आल्या. त्यात मला काम करायचं होतं ते बिलिंगच्या मॉड्यूलमध्ये, म्हणून मी तेवढंच फोल्डर उघडलं. पाच मिनिटांत सगळी स्क्रीन लाल. ‘कॉमन’ मॉड्यूलमधले सगळे इम्पोर्ट सापडत नाहीत, पॅरेंट सापडतोय पण शेजारची मॉड्यूलं नाहीत. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने स्क्रीनकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, “तू आतलं फोल्डर उघडलंस ना? बंद कर. सगळ्यात वरचं पॉम उघड, आणि विचारलं की ‘ओपन अ‍ॅज प्रोजेक्ट’ म्हण.”

कारण साधं आहे. आयडीईला फक्त एक मॉड्यूल दिलं की बाकीची तेरा त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात. मग तो त्यांच्या जार (कंपाइल झालेल्या कोडचे गठ्ठे) होम फोल्डरमधल्या ‘.एम२’ रिपॉझिटरीत, म्हणजे मेव्हनच्या लॅपटॉपवरच्या साठ्यात, शोधतो, आणि नव्या लॅपटॉपवर ती रिपॉझिटरी रिकामी असते. बंद करा, चुकून तयार झालेलं ‘.आयडिया’ फोल्डर काढून टाका, मुळाशी असलेलं पॉम उघडा. एक्लिप्समध्ये ‘इम्पोर्ट’मधून ‘एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स’ घ्या आणि तिथेही मूळ फोल्डरच दाखवा. सगळी मॉड्यूलं टिक केलेली दिसली पाहिजेत.

पण त्याच्याही आधी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन की टर्मिनलमध्ये बिल्ड पास होईपर्यंत आयडीईला हात लावू नका. आयडीई पॉम वाचून स्वतःचं एक चित्र तयार करतो. मूळ बिल्डच मोडका असेल तर चूक पॉममध्ये आहे, मशीनमध्ये आहे की आयडीईच्या समजुतीत, हे ओळखायला काही मार्गच उरत नाही.

माझा टर्मिनलमधला बिल्ड दुसऱ्या क्रमांकाच्या मॉड्यूलवरच पडला. एरर होती ‘नो सच फील्ड एरर’, पुढे ‘जेसी-ट्री, जेसी-इम्पोर्ट’ आणि ‘क्वालिड’ नावाच्या फील्डचा उल्लेख. आमच्या कोडमध्ये या नावाचं काहीही नाही. ही नावं जावा कंपायलरच्या पोटातली आहेत. लॉम्बॉक (नेहमीचा कोड आपोआप लिहून देणारी लायब्ररी) कोड कंपाइल होताना त्या पोटात हात घालतं आणि जेडीके (जावाचा कंपायलर आणि इतर साधनांचा संच) २१ मध्ये तिथली रचना बदलली. २१ चालायला लॉम्बॉक किमान १.१८.३० लागतं, आमचं त्याहून जुनं आहे. म्हणजे प्रश्न असा होता की प्रोजेक्ट १७ चा असताना बिल्ड २१ वर चालतोच कसा?

लॅपटॉपवर दोन्ही जेडीके होते. ‘जावा -व्हर्जन’ १७ दाखवत होतं, म्हणून मी निश्चिंत होते. पण मेव्हन पाथवरचा जावा बघत नाही, तो आधी ‘जावा होम’ (जावा कुठे आहे ते सांगणारी सिस्टिमची सेटिंग) बघतो, आणि ते २१ कडे बोट दाखवत होतं. म्हणून ‘एमव्हीएन -व्हर्जन’ चालवा. त्यात मेव्हन कुठला जेडीके वापरतोय ते स्पष्ट छापून येतं. रिपॉझिटरीत मेव्हन रॅपर असेल तर तीच आज्ञा ‘एमव्हीएनडब्ल्यू’ने द्या, म्हणजे मेव्हनची आवृत्तीही प्रोजेक्टने ठरवलेलीच मिळते. आणि हे तीनदा तपासायचं असतं, कारण आयडीईमध्ये जेडीके तीन ठिकाणी असतो: प्रोजेक्ट स्ट्रक्चरमधला एसडीके, मेव्हनच्या सेटिंगमध्ये ‘इम्पोर्टिंग’खालचा, आणि ‘रनर’खालचा. तिन्ही १७ करा. एक जरी वेगळा राहिला तरी अशी वेळ येते की टेस्ट उजवीकडच्या मेव्हनच्या खिडकीतून चालवली तर पडते आणि हिरव्या बाणावर क्लिक केलं तर पास होते.

अशा वेळी उलट दिशेची एररही भेटेल: ‘क्लास फाइल व्हर्जन ६५, आम्हाला ६१ पर्यंतच समजतं.’ ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे २१. हे दोन आकडे लक्षात ठेवलेत तर कुठली बाजू नवी आणि कुठली जुनी ते एका नजरेत कळतं.

सोमवारची शेवटची अडचण घाईतून आली. टेस्टना वेळ लागतो म्हणून मी ‘मेव्हन.टेस्ट.स्किप’ ट्रू करून ‘इन्स्टॉल’ (बिल्ड करून जार ‘.एम२’मध्ये ठेवणारी मेव्हनची आज्ञा) चालवलं आणि सातव्या मॉड्यूलवर बिल्ड पुन्हा पडला: ‘कॉमन’ची ‘टेस्ट्स’ नावाची जार सापडत नाही. झालं असं की ‘कॉमन’मधले टेस्टचे सहायक क्लास इतर मॉड्यूलं टेस्ट-जार म्हणून वापरतात. ‘मेव्हन.टेस्ट.स्किप’ टेस्टचा कोड कंपाइलच करत नाही, मग ती जार येणार कुठून! ‘-डी स्किपटेस्ट्स’ मात्र टेस्ट कंपाइल करतं, फक्त चालवत नाही. दोन्ही नावं सारखीच वाटतात आणि एका मॉड्यूलच्या प्रोजेक्टमध्ये तुम्हाला फरक कधीच जाणवणार नाही. इथे ‘-डी स्किपटेस्ट्स’च वापरा.

संध्याकाळी टर्मिनलमध्ये १४ च्या १४ मॉड्यूलांपुढे ‘सक्सेस’ आलं. त्या यादीकडे जरा निवांत बघा. ती पॉममधल्या यादीच्या क्रमाने असेलच असं नाही. कोण कुणावर अवलंबून आहे ते बघून मेव्हन क्रम स्वतः लावतो. नव्या प्रोजेक्टची ओळख करून घ्यायला मला याहून चांगला नकाशा माहीत नाही. सगळ्यात वर दिसतात ती पायातली मॉड्यूलं, तळाशी दिसतं ते प्रत्यक्ष चालणारं अ‍ॅप्लिकेशन.

मंगळवारी सकाळी आयडीई उघडला, इंडेक्सिंग संपू दिलं, आणि दोन मॉड्यूलं अजून लाल. टर्मिनल हिरवं, आयडीई लाल. हे बहुतेक वेळा जनरेटेड कोडमुळे होतं. आमच्याकडे प्रोटोबफच्या (डेटाचा साचा सांगणाऱ्या) फाइल्सवरून क्लास तयार होतात आणि ते ‘टार्गेट’मधल्या ‘जनरेटेड-सोर्सेस’मध्ये जातात. मेव्हनच्या खिडकीत ‘जनरेट सोर्सेस अँड अपडेट फोल्डर्स’ असं बटण आहे, ते दाबा. फोल्डरवर राइट क्लिक करून हाताने ‘जनरेटेड सोर्सेस रूट’ अशी खूण करता येते, मीही आधी तेच केलं, पण पुढच्या रिलोडला ती खूण पुसली गेली, कारण रिलोड म्हणजे पॉमवरून सगळं नव्याने मांडणं. एक्लिप्समध्ये इथे ‘प्लगइन एक्झिक्यूशन नॉट कव्हर्ड बाय लाइफसायकल कॉन्फिगरेशन’ असा लाल इशारा येतो. म्हणजे हे प्लगइन आपण चालवायचं की नाही ते एक्लिप्सला ठाऊक नाही. त्याला तसं सांगावं लागतं किंवा त्या प्लगइनचा कनेक्टर घ्यावा लागतो.

दुसरं मॉड्यूल लाल होण्याचं कारण क्षुल्लक होतं: त्याच्या पॉममध्ये कुणीतरी कंपायलर रिलीज ११ लिहून ठेवलेलं, आणि आत एक टेक्स्ट ब्लॉक (अनेक ओळींचा मजकूर लिहायची रीत) आलेला, जो जावा १५ पासून आहे. तो बदल आदल्या रात्रीच कुणीतरी ढकलला होता आणि मी सकाळी पुल केलं होतं, म्हणजे ताजा कोड उतरवून घेतला होता. ती ओळ काढली, पॅरेंटमधलं १७ लागू झालं.

आता मंगळवार दुपार, आणि या साऱ्या प्रवासातला सगळ्यात वाईट टप्पा. ‘कॉमन’मध्ये रक्कम राउंड करणारी एक छोटी मेथड आहे. तिच्यातला राउंडिंगचा प्रकार मी बदलला आणि बिलिंगची टेस्ट आयडीईत चालवली. पास. मग नेहमीच्या सवयीने टर्मिनलमध्ये ‘बिलिंग’च्या फोल्डरमध्ये शिरून ‘एमव्हीएन टेस्ट’. फेल, आणि उत्तर जुन्या राउंडिंगचं. मेथडमध्ये लॉगची एक ओळ घातली: आयडीईत छापली जाते, टर्मिनलमध्ये नाही. ‘क्लीन’ केलं, आयडीईचा कॅश उडवला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. फरक शून्य. एक तास गेला. शेवटी ‘.एम२’मध्ये जाऊन ‘कॉमन’च्या स्नॅपशॉट (अजून पक्की न झालेली आवृत्ती) जारची वेळ बघितली: काल संध्याकाळ, माझ्या पहिल्या यशस्वी बिल्डची.

तिथे सगळा उलगडा झाला. मेव्हन ज्या फोल्डरमधून चालवाल तिथून त्याला दिसतील तेवढीच मॉड्यूलं तो ताजी बांधतो. ‘बिलिंग’च्या आत उभं राहून चालवलं तर त्याच्या दृष्टीने प्रोजेक्ट म्हणजे फक्त बिलिंग, ‘कॉमन’ ही बाहेरची लायब्ररी, आणि ती तो ‘.एम२’मधून उचलतो, म्हणजे मी शेवटचं इन्स्टॉल केलं तेव्हाची. आयडीईला मात्र चौदाही उघडी दिसत असतात, म्हणून तो कॉमनचा आत्ताचा कोड घेतो. दोघंही बरोबर वागत होते.

उपाय: नेहमी मूळ फोल्डरमध्येच राहा आणि ‘-पीएल बिलिंग -एएम’ द्या. पहिलं म्हणजे हे मॉड्यूल, दुसरं म्हणजे आणि ते ज्यांच्यावर उभं आहे तीही. एकच टेस्ट चालवायची असेल तर ‘-डीटेस्ट’ लावाल, तेव्हा बिल्ड कॉमनवरच थांबेल, कारण त्या नावाची टेस्ट तिथे नाही. त्यासाठी ‘शुअरफायर.फेलइफनोस्पेसिफाइडटेस्ट्स’ फॉल्स करायचं. एररच्या मजकुरात ते पूर्ण नाव लिहिलेलं असतं, तिथूनच कॉपी करा.

शिवाय मी त्या दिवसापासून ‘इन्स्टॉल’ची सवय सोडली. रोजच्या कामाला ‘व्हेरिफाय’ पुरतं. ते सगळं बांधतं, तपासतं आणि ‘.एम२’मध्ये काही ठेवत नाही. ‘.एम२’मधलं आमच्या स्वतःच्या ग्रुप आयडीचं (म्हणजे आमच्या मॉड्यूलांच्या जार असतात ते) फोल्डरही मी काढून टाकलं. आता चुकून आतल्या फोल्डरमधून चालवलं तर ‘कॉमन सापडत नाही’ अशी स्वच्छ एरर येते. जुन्या जारवर गुपचूप पास होणाऱ्या बिल्डपेक्षा ही एरर मला शंभर पटीने प्रिय आहे.

बुधवारी अ‍ॅप्लिकेशन आयडीईतून सुरू केलं तर कॉन्फिग फाइल मिळेना. रिलेटिव्ह पाथचा प्रश्न: मेव्हनमधून टेस्ट चालतात तेव्हा चालू फोल्डर त्या मॉड्यूलचं असतं, आयडीईच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये ते प्रोजेक्टचं मूळ धरलेलं होतं. वर्किंग डिरेक्टरीच्या खान्यात ‘मॉड्यूल वर्किंग डिर’ हा मॅक्रो निवडला आणि चाललं. ते कॉन्फिगरेशन ‘स्टोअर अ‍ॅज प्रोजेक्ट फाइल’ करून ‘.रन’ फोल्डरमध्ये ठेवलंय आणि कमिट केलंय, पुढच्यांना ते आयतं मिळेल. पॅरेंट पॉममध्ये एन्फोर्सर प्लगइनही घातलंय: जेडीके १७ नसेल तर बिल्ड पहिल्याच पायरीला थांबेल आणि काय करायचं ते सांगेल. ‘क्वालिड’चं कोडं आता कुणाला पडू नये.

मग डीबगर. कॉमनमधल्या त्या राउंडिंगच्या मेथडवर ब्रेकपॉइंट (‘इथे थांब’ अशी खूण) लावला, अ‍ॅप्लिकेशन मॉड्यूलमधून विनंती पाठवली, आणि तो तिथे थांबलाच नाही. अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये त्या मेथडच्या नावावर कंट्रोल दाबून क्लिक केलं, तर माझी फाइल उघडण्याऐवजी वर ‘डीकंपाइल्ड क्लास फाइल’ अशी पट्टी असलेली फाइल उघडली. म्हणजे आयडीईसुद्धा इथे कॉमनचं मॉड्यूल घेत नव्हता, जार घेत होता. पॉम उघडलं: बाकी सगळीकडे कॉमनची आवृत्ती ‘प्रोजेक्ट.व्हर्जन’ अशी लिहिलेली, या एकाच मॉड्यूलमध्ये एक जुना स्नॅपशॉट आकडा हाताने टाइप केलेला. आवृत्ती जुळली नाही की शेजारचं मॉड्यूल परकं होतं, आणि कंपनीच्या रिपॉझिटरी सर्व्हरवर तो जुना स्नॅपशॉट अजून असल्यामुळे टर्मिनलनेही तो निमूटपणे उतरवून घेतला होता. सोमवारच्या त्या १४ ‘सक्सेस’मध्ये हे दिसलंच नव्हतं.

म्हणून सेटअप झाला असं म्हणण्याआधी प्रत्येक मॉड्यूलमधून शेजारच्या मॉड्यूलच्या एखाद्या क्लासवर असं क्लिक करून बघा. ‘.जावा’ फाइल उघडली पाहिजे. ‘.क्लास’ उघडली तर त्या मॉड्यूलच्या पॉममधली आवृत्ती बघा.

मी आकडा काढून ‘प्रोजेक्ट.व्हर्जन’ लिहिलं, मेव्हन रिलोड केलं, तीच विनंती पुन्हा पाठवली. ब्रेकपॉइंटवरच्या लाल ठिपक्यात बरोबरची खूण आली आणि ओळ निळी झाली.