ला पाइनला जुलैत गारठलो

ओरेगनमधल्या ला पाइन स्टेट पार्कला तंबूत राहणार असाल तर जुलैतही जानेवारीचं अंथरूण-पांघरूण न्या. बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

या भागाला 'हाय डेझर्ट', म्हणजे उंचावरचं वाळवंट, म्हटल्यावर आमचं सगळं लक्ष डेझर्टकडे गेलं, हायकडे कोणी बघितलंच नाही. पोर्टलंडच्या मंडळातल्या एका मित्राने तर छातीठोकपणे सांगितलं होतं, "वाळवंट आहे रे, पातळ चादर पुरे." वाटेत बेंडला थांबलो तेव्हा दुपारी 31 अंश सेल्सियस होतं, त्यामुळे तो खराही वाटला. पार्क तिथून दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावर. उंची साधारण महाबळेश्वरएवढी, पण महाबळेश्वर समजून गेलात तर फसाल.

पहिली कटकट तंबूच्या खुंट्यांची. इथली जमीन म्हणजे प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतल्या हलक्या सच्छिद्र दगडाचा, भुसा. आज जिथे क्रेटर लेक आहे तिथला माउंट मझामा हा ज्वालामुखी सुमारे 7,700 वर्षांपूर्वी फुटला, त्याचा हा सडा. खुंटी ठोकायला लोण्यासारखी आत जाते आणि दोन बोटांनी ओढली की तशीच बाहेर येते. लांब, रुंद पात्याच्या न्या. आम्ही शेवटी दोऱ्या दगडांना बांधल्या.

याच भुशाने रात्री दगा दिला. त्यात हवाच जास्त, त्यामुळे दिवसाची ऊब जमिनीत मुरत नाही. वर निरभ्र आकाश, कोरडी हवा, आणि आजूबाजूचा सगळा गारवा खोऱ्याच्या तळाशी येऊन बसतो. दहाला स्वेटर, बाराला सगळे कपडे एकावर एक, तीनला आम्ही तिघं गाडीत. पहाटे पाचला गाडीच्या पडद्यावर 29 फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली. तंबूवर दव नव्हतं, हिम होतं. बायको एवढंच म्हणाली, "पातळ चादर कुठे ठेवलीयस?"

स्लीपिंग बॅगवरच्या आकड्याला भुलू नका. आमच्या बॅगांवर 40 फॅरनहाइट लिहिलं होतं. बऱ्याचदा हा आकडा तग धरण्याचा असतो, सुखाने झोपण्याचा नव्हे. 15-20 फॅरनहाइटची बॅग घ्या आणि खाली जाड मॅट टाका, कारण निम्मी थंडी खालून येते. वीज असलेली जागा मिळत असेल तर ती घेऊन सरळ इलेक्ट्रिक ब्लँकेट लावा. हौशी कॅम्पर हसतील. हसू दे.

सकाळी चहाही नाही. देशी-आशियाई दुकानांत मिळतात त्या लांबट डब्यांतला ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच नाकारतो. डबा काखेत धरून अर्धा तास ऊब दिली, तेव्हा कुठे शेगडी फुरफुरली. प्रोपेन न्या. लाकडं हायवेवरच्या दुकानातून घेऊ नका. आम्ही जवळजवळ दुप्पट पैसे मोजले, वर ओली निघाली. पार्कमध्येच घ्या, पण आधी शेकोटीवर बंदी नाही ना ते बघा. उन्हाळा सरता सरता ती हमखास येते.

डेशूट्स नदी पार्कपाशी संथ, वळणं घेत जाते. शनिवारी दिवसभर तिथेच होतो, छान गेला. फक्त एक लक्षात ठेवा: उन्हाळ्यात वरच्या विकिअप धरणातून शेतीसाठी आवर्तन सोडलेलं असतं, त्यामुळे पाणी भरपूर आणि बर्फगार. पोरांना लाइफ जॅकेटशिवाय उतरवू नका. पार्कातला तो सुमारे 500 वर्षांचा, 29 फूट घेराचा पाँडेरोसा पाइन जरूर बघा. पाँडेरोसाच्या सालीला नाक लावलं की व्हॅनिलाचा वास येतो, हे मात्र त्याच मित्राने खरं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेंडला जाऊन तीन जाड रजया आणल्या. त्या रात्री पारा 44 फॅरनहाइटच्या खाली उतरला नाही आणि आम्ही घामाघूम झालो.