मला अधिकची खूण नको होती, आकडा हवा होता

भाद्रपदात आमच्या चांदी नावाच्या शेळीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. अकराच दिवसांपूर्वी तिला आल्बेंडाझोल हे जंतांचं औषध पाजलं होतं, मी स्वतः, जिभेवर मागपर्यंत नळी घालून. खालची पापणी ओढून बघितली तर आत गुलाबीपणाचा मागमूस नाही, कागदासारखी पांढरी. सासूबाई म्हणाल्या, "औषध दिलंस ना, मगे ह्यां कसां?"

ह्या एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला अडीच महिने लागले आणि त्यात दोन करडं गेली. आमच्याकडे बावीस शेळ्या आहेत, बहुतेक कोकण कन्याळ जातीच्या. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांचा तरी वेळ वाचावा, म्हणून लिहिते आहे.

आमच्या डॉक्टरांनी चांदीला वेगळं औषध देऊन वाचवलं आणि बाकीच्यांच्या लेंड्या तपासून आणायला सांगितलं. औषधाआधी एकदा, औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा. जंतांची अंडी किती कमी झाली ते बघायचं. पंचाण्णव टक्क्यांहून कमी घट आली की जंत त्या औषधाला दाद देत नाहीत असा संशय घ्यायचा. ऐकायला सोपं होतं.

प्रयोगशाळा घाटावर. पहाटेची एसटी धरून गेले, नमुने दिले, चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: "स्ट्राँगाइल अंडी ++", म्हणजे पोटातल्या जंतांच्या एका गटाची अंडी. शेळ्यांना औषध दिलं, बाराव्या दिवशी पुन्हा घाट चढले. रिपोर्ट: "स्ट्राँगाइल अंडी ++". आणि खाली दोन्ही वेळा तोच शिक्का, "जंतनाशक द्यावे".

मी खिडकीशी विचारलं, "साहेब, औषध लागू पडलं की नाही, हे यातून कसं कळणार?" उत्तर आलं, "अंडी आहेत ना? मग औषध द्या." म्हटलं, तेच तर दिलंय. "मग परत द्या." मागे सात-आठ माणसं उभी होती, मला बाजूला व्हायला सांगितलं. पंधराशेची दोनशे झाली तर औषध बरंच चाललं, पंधराशेची हजार झाली तर वाया गेलं, आणि ह्या कागदावर दोन्ही ठिकाणी दोनच अधिक. परतताना आंबोलीच्या धुक्यात एसटीत बसून मी रडले. त्याच आठवड्यात पहिलं करडू गेलं.

तिसऱ्या खेपेला खिडकी सोडून सरळ आत गेले. तिथल्या एका मॅडमनी माझा फॉर्म हातात घेतला आणि एका मिनिटात सांगितलं, "ताई, इथे 'तपासणीचा प्रकार' मध्ये नुसतं 'विष्ठा तपासणी' लिहिलंय. आम्ही तेवढंच करतो. मोजणी हवी तर तसं लिहून आणा." एवढंच! तीन खेपा, सहा आठवडे, आणि अडलं होतं एका रकान्यात. हे खिडकीवर भिंतीला चिकटवायला काय हरकत होती? पहिल्या दिवशी कुणी बोललं असतं तर माझं दुसरं करडू कदाचित वाचलं असतं.

तर डॉक्टरांकडून त्या रकान्यात असंच लिहून घ्या: "एक ग्रॅममागे अंड्यांची संख्या, मॅकमास्टर पद्धत, औषधापूर्वी", आणि दुसऱ्या वेळी "औषधानंतर बारावा दिवस". औषधाचं नाव आणि तारीख पण.

त्या मॅडमनी मला ही मॅकमास्टर मोजणी दाखवली. लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात कुस्करून गाळतात. ते पाणी रेघा आखलेल्या काचेच्या दोन खणांत भरतात. अंडी हलकी, ती वर तरंगतात. भिंगाखाली लांबट गोल, आत द्राक्षाच्या घोसासारख्या पेशी. रेघांच्या आतली मोजायची, तिथल्या मापाप्रमाणे पन्नासनं गुणायचं.

नमुना जमिनीवरून उचलू नका, हातमोजा घालून गुदद्वारातूनच काढा, शेळीगणिक वेगळी डबी, वर कानाचा नंबर. थर्मासमध्ये बर्फावर न्या, पण गोठवू नका. उबेत एका दिवसात अंडी फुटायला लागतात आणि मग मोजणी खोटी निघते. म्हणून शुक्रवारी नेऊ नका, सोमवारपर्यंत डबे टेबलावर पडून राहतात.

आणि वजन! हे आधी सांगायला हवं होतं. पोत्याची झोळी करून स्प्रिंगकाट्याला लटकवून वजन करा. अंदाजानं कमी डोस गेला तर दोष जंतांचा की तुमचा, ते कधीच कळणार नाही.

बारा शेळ्यांचा हिशेब आला: आल्बेंडाझोलआधी ग्रॅममागे सरासरी 1,450 अंडी, बाराव्या दिवशी 900. अडतीस टक्के घट. कागद हातात घेतला तेव्हा वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं.

बीएस्सीला प्राणिशास्त्र होतं, त्यामुळे पुढचं कोडं मला सुटलं. रक्त पिणारा हिमॉन्कस हा जंत, त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. एवढ्या संततीत जन्मजात फरक असणारच. आल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन ह्या प्रथिनाला धरतं. काही जंतांत त्या प्रथिनाच्या 200 व्या जागी फेनिलॲलनिनऐवजी टायरोसिन असतं, डीएनएतल्या एका अक्षराचा फरक, आणि औषधाची पकड बसत नाही. कुजक्या फळांवर सापडणाऱ्या, मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलिगन्स ह्या कृमीतही शास्त्रज्ञांनी असंच पाहिलं आहे. जगभरातून गोळा केलेल्या रानटी वाणांपैकी काहींत बीटा-ट्युब्युलिन बनवणारा बेन-1 हा जनुक बिघडलेला असतो आणि ते ह्या गटाच्या औषधात जगतात. आपण तेच औषध वर्षानुवर्षं पाजतो, बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढच्या पावसात कुरणावर त्यांचीच पिल्लं.

सासूबाईंना सांगितलं, औषध खोटं नव्हतं, उरलेले जंत मुळातच त्याला न मरणारे होते. "मगे दुसरां दी," त्या म्हणाल्या.

दुसरं म्हणजे लेव्हॅमिसोल. त्याचा डोस डॉक्टरांकडूनच घ्या, जास्त झालं तर शेळीला विषबाधा होते. त्यानं सरासरी 1,300 वरून 40 वर आली. आता सगळ्या कळपाला एकदम पाजत नाही. पापणी गुलाबी आणि अंग धरलेल्या शेळ्या तशाच ठेवते, म्हणजे औषधाला मरणाऱ्या जंतांचीही अंडी कुरणावर राहतात, नुसती न मरणाऱ्यांचीच नाही.

चांदीची पापणी गुलाबी झाली आहे. सात नंबरची अजून फिकट दिसते, सोमवारी तिचा नमुना न्यायचा आहे.