सरळ आहे, पण...

काकांनी एक डोळा मिटला, गाल टेबलाला टेकवला आणि माझ्या मॉडेल जहाजाच्या सांगाड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे बघत राहिले. शेजारचे काका, आयुष्यभर गोदीत फिटर. मग उठून म्हणाले, "सरळ आहे. पत्रे चढवलेस की परत बोलाव."

सांगाडा पुठ्ठ्याचा आहे. जपानी युद्धनौका 'यामातो', मूळ लांबी २६३ मीटर, १:२०० प्रमाणात साधारण १३१ सेंटिमीटर. एवढा लांब पुठ्ठा, त्यात मुंबईचा जुलै! पांढऱ्या गोंदातलं पाणी पिऊन पुठ्ठा फुगतो आणि सुकताना आकसतो. म्हणून तळ जाड काचेवर ठेवला, पुठ्ठ्याचे तंतू लांबीच्या दिशेने घेतले. तळाचा जोड आणि मधल्या कण्याचा जोड एका जागी येऊ दिला नाही. आडव्या फासळ्या बसवल्यावर रात्रभर वर जुने शब्दकोश. (शेवटी उपयोगी पडले.)

मला वाटत होतं, अवघड भाग संपला.

काका म्हणाले, खऱ्या जहाजातही एकाच बाजूने वेल्डिंग करत गेलं की पोलाद तिकडे ओढलं जातं. म्हणून डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, असंच पुढे जायचं. सांगाड्यावर पत्र्यांसारख्या चढवायच्या कागदी पट्ट्यांचंही तेच. डावी बाजू आधी पूर्ण करायचा मोह होतो, कारण ती लगेच जहाजासारखी दिसायला लागते.

तर आता दोन्हीकडे एकेक पट्टी. कंटाळवाणं काम आहे खरं.

कोकणातले मॉडेलवाले आहेत का इथे? तुम्ही पावसात पट्ट्या लावता, की सरळ दिवाळीपर्यंत थांबता?