महिनाभर फिरून झाल्यावर अंदमान: बोटींचं गणित आधी सोडवा

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडून दक्षिणेच्या मोठ्या फेरीला निघणारी नवरा-बायकोची जोडी आता नवलाची राहिली नाही. तिरुपती, मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी, आणि मग ‘एवढं लांब आलोच आहोत तर’ म्हणून शेवटी अंदमान. बेत उत्तम आहे. फक्त या शेवटच्या टप्प्याला रेल्वेचा हिशोब लावू नका. देवगिरी एक्सप्रेस तीन तास उशिरा आली तरी येते. समुद्र खवळला तर बोट त्या दिवशी सुटतच नाही, आणि तुमचं परतीचं विमान मात्र ठरल्या वेळी उडतं. महिनाभराच्या प्रवासात पाठीमागे जागा असते, एक दिवस इकडचा तिकडे करता येतो. शेवटच्या आठवड्यात ती जागा संपलेली असते. म्हणून आखणीची सुरुवात परतीच्या विमानापासून करा आणि उलट मागे या: विमानाच्या आधीचा अख्खा दिवस राजधानीच्या बेटावर रिकामा ठेवायचा. त्या दिवसाचं काहीही आगाऊ बुकिंग करायचं नाही. बोट वेळेवर आली तर तो दिवस आरामाचा, रद्द झाली तर तोच दिवस तुम्हाला वाचवतो.

आधी नावांचा घोळ मिटवू, कारण तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही नावं भेटतात. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. बोटीचं तिकीट एका नावाने आणि हॉटेलचं दुसऱ्या नावाने आलं तर गडबडू नका, बेट तेच आहे.

मार्ग त्रिकोणाचा धरा: श्री विजयपुरम ते स्वराज, स्वराज ते शहीद, शहीदहून परत श्री विजयपुरम. स्वराजला जायला जलद खाजगी बोटीला साधारण दीड ते दोन तास, सरकारी बोटीला दोन-अडीच तास लागतात. स्वराज ते शहीद तासाभराचं अंतर. दोन्ही बेटं वेगवेगळी जाऊन-येऊन करणाऱ्याला चार समुद्रफेऱ्या पडतात, त्रिकोणात तीनच. थकलेल्या अंगाला तो एक फेरा वाचणं फार मोलाचं आहे. मुक्काम म्हणाल तर स्वराजला दोन रात्री, शहीदला एक, आणि पुढे-मागे श्री विजयपुरममध्ये एक-एक रात्र अधिक तो रिकामा दिवस. सहा रात्रींपेक्षा कमीत हे बसवायचा हट्ट केला तर पहिली कात्री त्या रिकाम्या दिवसालाच लागते. तसं करायचं असेल तर शहीद द्वीप सोडा, रिकामा दिवस सोडू नका.

चेन्नईहून जहाजाने जायचा मोह होतो. पण ते सुमारे ६० तासांचं काम आहे, जहाजं रोज नसतात, आणि महिनाभराच्या प्रवासाच्या शेवटी अडीच दिवस डोलत काढणं साठीच्या पुढच्या जोडीला जड जातं. चेन्नईहून विमान सव्वादोन-अडीच तासांत पोहोचवतं. परतीला मात्र चेन्नईला येऊ नका, हैदराबादला उतरा. तिथून देवगिरी किंवा अजिंठा एक्सप्रेस धरली की नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर सगळं एका गाडीवर. विमान आणि रेल्वे एकाच संध्याकाळी जोडायच्या फंदात मात्र पडू नका.

आता बोटीकडे येऊ. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, मोठ्या खाजगी बोटी हॅडो धक्क्यावरून. रिक्षावाल्याला नुसतं ‘जेट्टी’ म्हणाल तर चुकीच्या जागी उतराल, म्हणून जागेचं नाव आणि बोटीचं नाव दोन्ही सांगा. सरकारी तिकीट शेकड्यांत, खाजगी हजाराच्या पुढे. पण सरकारी तिकिटं फार आधी खुली होत नाहीत आणि स्थानिकांची गर्दी असते. ज्यांचं परतीचं विमान ठरलेलं आहे त्यांनी खाजगी बोट घरूनच काढलेली बरी. सुटायच्या तासभर आधी पोहोचा. मूळ ओळखपत्र पाहिलं जातं, सामान तपासलं जातं, मोठ्या बॅगा पावती लावून वेगळ्या ठेवतात आणि उतरल्यावर त्या पावतीवरच परत मिळतात. या दोन बेटांसाठी भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

नावाची अडचण आपल्याकडच्या बायकांना हमखास येते. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, आणि तिकीट मुलाने घाईत तिसऱ्याच क्रमाने काढलेलं. विमानं आणि तिन्ही बोटी, सगळी तिकिटं एकाच ओळखपत्रावरून अक्षर न् अक्षर तसंच नाव घालून काढा आणि प्रवासात तेच ओळखपत्र हाताशी ठेवा. तिकिटांची कागदी प्रत प्रत्येकाकडे एक-एक. बेटांवर मोबाइलची रेंज जाते-येते. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून खूप सुधारणा आहे, पण ऐन जेट्टीच्या गर्दीत तिकीट उघडेलच या भरवशावर राहू नका. पैशांचंही तसंच. शहीदला जाण्याआधी रोख रक्कम श्री विजयपुरममध्येच काढा आणि दोघांत वाटून ठेवा.

बोट लागणं, म्हणजे समुद्रात मळमळणं, हा आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा घोर. शरीराचं साधं कारण आहे. बंद केबिनमध्ये डोळ्यांना खुर्ची, भिंत, टीव्ही सगळं स्थिर दिसतं, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र सांगतो की आपण वर-खाली होतोय. ही दोन्ही सांगणी जुळली नाहीत की पोट ढवळतं. म्हणून मोबाइल पाहणं, वाचणं सगळ्यात वाईट, आणि खिडकीतून लांब क्षितिजावर नजर ठेवणं सगळ्यात चांगलं. झोप अपुरी झाली असेल तर त्रास वाढतो, म्हणून रात्रभराची रेल्वे, पहाटेचं विमान आणि लगेच दुपारची बोट अशी साखळी लावू नका. पहिली रात्र श्री विजयपुरममध्येच झोपून काढा.

जागा निवडताना पुष्कळ लोक महागडा वर्ग घेतात. तो बऱ्याचदा वरच्या मजल्यावर असतो, आणि बोट डोलते तेव्हा जितकं उंच तितका झोका मोठा. बोटीच्या पुढच्या टोकाची जागाही तशीच, तिथे बोट उचलून आपटल्यासारखी वाटते. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा किंचित मागे, खिडकीजवळ बसा. ज्याला त्रास होतो त्याला खिडकी द्यायची आणि दुसऱ्याने पिशवी हातात ठेवून मार्गिकेच्या बाजूला बसायचं. जलद खाजगी बोटी बहुतेक दुहेरी तळाच्या, म्हणजे शेजारी-शेजारी दोन तळ जोडलेल्या असतात. त्या आडव्या कमी झुलतात, पण लाट समोरून आली की धक्के देतात. सरकारी बोट एका तळाची, संथ, कडेकडेला झुलणारी, पण तिथे बाहेर डेकवर उभं राहून वारा घेता येतो, आणि हेच पुष्कळांना औषधापेक्षा लागू पडतं. खाजगी बोटींत उघडा डेक क्वचितच मिळतो, ग्रीन ओशन कंपनीच्या बोटींत तो असतो. बोट लागण्याचा पूर्वानुभव असेल तर डेक आहे का हे विचारूनच तिकीट काढा.

गोळी घ्यायची तर बोट सुटण्याच्या साधारण दोन तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते, आणि मग ‘गोळीचा काही उपयोग नाही’ असा समज होतो. प्रोमेथाझिन किंवा सिनॅरिझिन असलेल्या गोळ्या यासाठी वापरतात. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा रोजची दुसरी औषधं चालू असतील तर गावाहून निघण्याआधीच आपल्या डॉक्टरला विचारून घ्या. गुंगी येते, म्हणून उतरल्यावर लगेच भाड्याची स्कूटर हातात घेऊ नका. उपाशीपोटी बोटीत चढणं आणि पुरी-भाजी रेटून चढणं, दोन्ही सारखंच चूक. इडली, केळं, कोरडा टोस्ट पुरे. घरून आलेपाकाच्या वड्या आणल्या असतील तर इथे कामाला येतात. दशम्या आणि धपाटे एव्हाना कधीच संपलेले असणार, पण शेंगदाण्याची कोरडी चटणी उरली असेल तर ती बेटांवर भाताबरोबर जेवण सावरते. ज्वारीची भाकरी तिकडे शोधू नका.

वेळेचा एक फरक आधीच डोक्यात घ्या. लातूर साधारण ७६.५ अंश रेखांशावर, श्री विजयपुरम ९२.७ वर. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने सूर्य तिथे माथ्यावर आपल्यापेक्षा सुमारे ६५ मिनिटं आधी येतो, घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडायला लागतो. घरच्या सवयीने चार वाजता चहा घेऊन समुद्रावर निघालात तर अंधारच भेटतो. दिवस पहाटे पाच-साडेपाचला सुरू करा, दुपारी झोपा, तीनला बाहेर पडा. स्वराजच्या पश्चिमेचा राधानगर किनारा सूर्यास्ताचा आणि पूर्वेचा कालापथर सूर्योदयाचा. जेट्टीपासून राधानगर अकरा-बारा किलोमीटर आहे, म्हणून यायची-जायची गाडी आधीच ठरवून ठेवा. अंधार पडल्यावर तिथे रिक्षा मिळेलच असं नाही.

शहीद द्वीप जेमतेम १९ चौरस किलोमीटरचं. फाळणीनंतर वसवलेल्या बंगाली कुटुंबांची शेती, भाजीपाला, नारळ-सुपारी. सगळ्या अंदमानाला भाजी पुरवणारं बेट म्हणून याची ओळख आहे. गावांची-किनाऱ्यांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. शेतीतल्या माणसाचा जीव इथे स्वराजपेक्षा जास्त रमतो, हे आमचं स्पष्ट मत. भरतपूर किनारा जेट्टीपासून चालत जाण्याइतका जवळ.

इथला खडकाचा नैसर्गिक पूल पाहायचा तर ओहोटीच हवी. भरतीत तिथवरची वाट पाण्याखाली जाते. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास, आणि रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं, म्हणून कॅलेंडरवर तिथी पाहून शहीदचा दिवस ठेवता आला तर सोनंच. पण कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचा जो हिशोब आहे तो तिथे लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ निराळी असते. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा, त्यांना ती पाठ असते. वाट मेलेल्या प्रवाळाच्या धारदार, शेवाळलेल्या दगडांची. चप्पल घसरते, अनवाणी पाय कापतो. मागे पट्टा असलेली, तळाला पकड असलेली सँडल हवी, गुडघे दुखत असतील तर काठीही.

मोठ्या बॅगा घेऊन ही बेटं करू नका. श्री विजयपुरममध्ये जाताना आणि येताना एकाच हॉटेलात खोली घ्या आणि मोठं सामान त्यांच्याकडेच ठेवा. बेटांवर दोघांनी एक-एक छोटी बॅग, औषधं आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत. कपडे मोजून दोन जोड जास्त घ्या. आपल्याकडे उन्हात तासाभरात खडखडीत वाळणारा टॉवेल तिथल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही ओलाच लागतो, आणि ओला कपडा बॅगेत कोंबला की एका दिवसात कुबट वास धरतो. पातळ सुती पंचा टॉवेलपेक्षा कितीतरी बरा.

डिसेंबर ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत, फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगले. मे ते सप्टेंबरमध्ये बोटी रद्द होण्याचं प्रमाण वाढतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं उठतात. रद्द झालीच तर आधी पुढच्या बोटीत जागा मिळवा, परताव्याचं नंतर पाहा. एका बोटीचे सगळे प्रवासी पुढच्या बोटींकडे धावतात, त्यामुळे एकाने खिडकीवर रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने फोनवरून बोट कंपनी व हॉटेल लावायचं, हीच दोघं असण्याची सोय.

रिकामा दिवस रिकामाच उरला तर सेल्युलर जेल सावकाश पाहा. १९०६ मध्ये ही इमारत पूर्ण झाली तेव्हा तिला सात भुजा होत्या, आज तीन उभ्या आहेत. सावरकरांना इथे ४ जुलै १९११ रोजी आणलं, त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच कैदेत होते. कोठडीसमोर दोन मिनिटं थांबायला मिळावं यासाठी गर्दी यायच्या आधी, दार उघडताच आत जा.

त्या रात्री बॅग भरताना कपड्यांचे खिसे आणि पिशव्यांचे कोपरे झटकून पाहा. नातवंडांसाठी उचललेला शंख, प्रवाळाचा तुकडा, बाटलीतली वाळू, यातलं काहीही बेटांवरून नेणं कायद्याने बंद आहे, आणि विमानतळावरच्या तपासणीत ते सापडलं की बॅग उघडावी लागते. शंख-शिंपल्याची वस्तू न्यायचीच असेल तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती त्या वस्तूबरोबरच गुंडाळून ठेवा.