टोटल

काल म्हापशाच्या बसस्टँडवर दादा म्हणाला, "पाटी तिला कशाला विचारतोस रे, ती पण आता टोटलच." एवढंच. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तो स्वतः जन्मापासून टोटल, म्हणजे अजिबात न दिसणारा, कुणी "मी डिचोलीचा" म्हणावं तसं म्हणतो तो ते. पण मला रात्रभर झोप नाही.

आमच्यात हे शब्द रोजचेच. टोटल, पार्शल म्हणजे थोडं दिसणारे, साइटेड म्हणजे डोळस. नवीन कुणी भेटलं की नाव-गाव झाल्यावर पुढचं तेच, टोटल का पार्शल? मी नऊ वर्षं पार्शल सांगत आले. पार्शलची कामं ठरलेली असतात, बसची पाटी वाचायची, रस्ता ओलांडताना पुढे व्हायचं, आणि 2023 ला पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा तिन्ही दिवस दोघं टोटल माझं कोपर धरून फिरले. माझं कोपर.

खरं तर कागदावर मी कधीचीच अंध आहे. आरपी, माझा डोळ्याच्या पडद्याचा आजार, नजर कडेकडेनं खात येतो, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बघण्याचं क्षेत्र 10 अंशांच्या खाली गेलं की अंधत्वच, मग मधल्या भोकातून अक्षर वाचता का येईना. ते सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा आई... जाऊदे. मला काही वाटलं नव्हतं. दिव्यांग, अंध, हे सगळे बाहेरच्यांचे शब्द, कधी लागलेच नाहीत. मग हाच का लागावा? आपल्या माणसानं दिला म्हणून? सगळं जात चाललंय माझं, निदान हे नाव तरी ठेवायचं होतं, असं रात्री वाटत होतं आणि खूप रडले.

पण खरं लिहायचं तर या पावसाळ्यापासून मी पाट्या वाचतच नव्हते. कंडक्टर "पणजी पणजी" ओरडला की मी म्हणायचे, आली बघा पणजी. टोटल ओळखतात तशीच ओळखत होते मी बस, आणि दादाच्या कानांना ते कळलं नसेल असं मी समजले कसं?

सकाळी न्हाणीत एकटीच मोठ्यानं म्हणून बघितलं. टोटल. घशात अडकला, पण निघाला.

काल ते बोलून झाल्यावर दादानं स्टिक उजव्या हातात घेतली आणि डावं कोपर माझ्याकडे केलं. मी धरलं. "पायरी आहे गे," म्हणाला.

मला ती दिसली नव्हती.