नागपूरहून गोकुलधाम बघायला जाताना

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी जुलै २००८ पासून ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका लागते. चार हजारांवर भाग झाले, तरी आईला रोजचा भाग हवाच. तिला एकदा त्यातली गोकुलधाम सोसायटी बघायची होती. या महिन्यात घेऊन गेलो.

विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी दादरला सोडते. पूल ओलांडून बोरिवलीकडची लोकल धरा. सकाळची गर्दी चर्चगेटकडे असते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसालाही बसायला मिळतं. गोरेगावला पूर्वेकडे बाहेर पडायचं.

इथे आम्ही चुकलो. रिक्षावाल्याला (आपल्यासारखं ऑटो म्हणत नाहीत तिकडे) नुसतं ‘गोकुलधाम’ सांगितलं आणि त्याने खऱ्या गोकुलधामला नेलं. फिल्म सिटी रोडलगत त्या नावाची मोठी वस्तीच आहे, शाळा, मंदिर, बाजार सगळं असलेली. मालिकेतलं गोकुलधाम तिथे नाही, ते पुढे दादासाहेब फाळके चित्रनगरीत उभारलेलं आहे. आईला मात्र त्या चुकीचं काही वाटलं नाही. मालिकेतले सोसायटीचे सेक्रेटरी भिडे मास्तर, त्यांच्या सुविचाराचा फळा कुठे दिसतो का, म्हणून ती प्रत्येक फाटकातून डोकावत होती. एका फळ्यावर पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना होती. तिने ती शेवटपर्यंत वाचली. म्हणाली, “सेक्रेटरीचं अक्षर छान आहे हो.”

चित्रनगरीत परवानगीशिवाय सोडत नाहीत. फाटकावर विनवण्या करू नका, रखवालदाराचा नाइलाज असतो. आत बसने फिरवणाऱ्या सहली निघतात, पण त्या सध्या सुरू आहेत का ते विचारून नागपूरहूनच बुकिंग करा. आम्ही केलं नव्हतं. बुकिंग असलं तरी शूटिंगमुळे हा सेट दिसेलच असं धरून चालू नका.

म्हणून मी सांगेन, खारला नक्की जा. मालिकेतल्या जेठालालच्या दुकानाचं, ‘गडा इलेक्ट्रॉनिक्स’चं शूटिंग जिथे होतं ते खरं, चालू दुकान आहे. गिऱ्हाइकांच्या वाटेत उभं राहू नका, जमल्यास काही विकत घ्या. आम्ही एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला.

आई काउंटरवर हात ठेवून बराच वेळ उभी होती. जेठालालच्या दुकानातल्या नट्टू काकांचं काम करणारे घनश्याम नायक २०२१ मध्ये गेले, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. “इथेच बसायचे ना रे?” एवढंच बोलली. नागपूरहून आणलेला संत्रा बर्फीचा डबा तिने दुकानातल्या पोरांच्या हातात दिला.